दहाव्या वर्षाची कादंबरी

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० साली सुरू झालं. नाशिककर हे साल अभिमानानं सांगतात आणि पुढच्या विषयाकडं वळतात. जरा थांबून हिशेब केला तर मात्र चक्रावून जायला होतं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली १८५३ साली. भिडेवाड्यात मुलींची शाळा भरली १८४८ साली. आणि मराठीतली पहिली कादंबरी समजली जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली १८५७ साली. म्हणजे वाचनालयाची दारं उघडली तेव्हा मराठीत कादंबरी नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती, आणि पुढची सतरा वर्षं ती येणार नव्हती.

मुलांसाठी काही होतं का? होतं. सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी १८२८ च्या सुमारास ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ मराठीत आणल्या होत्या. त्यातलं ‘बाळमित्र’ मूळचं फ्रेंच, ते इंग्रजीच्या वाटेनं इकडं आलेलं. गोष्टी छान, पण प्रत्येकीच्या शेवटी तात्पर्य उभं. नाशिकच्या एखाद्या दहा वर्षांच्या पोरानं तेव्हा ‘तात्पर्याशिवायची, मोठ्ठी, चार दिवस पुरेल अशी गोष्ट’ मागितली असती, तर त्याला रिकाम्या हातानं घरी जावं लागलं असतं.

आज टिळकपथावर, साईखेडकर नाट्यगृहाच्या आवारातल्या त्याच वाचनालयात आईवडील नेमकी ही मागणी घेऊन येतात. मूल पाचवीत आहे, चित्रांची पुस्तकं त्याला बाळबोध वाटतात, मोठ्यांच्या कादंबऱ्या जड जातात. मधलं काय द्यायचं? प्रश्न साधा वाटतो. पण या ‘मधल्या’ वयात मुलाच्या डोळ्यांत आणि मेंदूत जे चाललेलं असतं, ते कळलं की पुस्तकांकडं बघण्याची आपली नजरच बदलते.

वाचताना नजर ओळीवरून सरकत जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती उड्या मारते. एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबते, मग टुणकन पुढं. उडीच्या क्षणी आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. मेंदू मधल्या फटी सांधून घेतो आणि आपल्याला सलग ओळ वाचल्याचा भास होतो. नुकतं वाचायला शिकलेल्या मुलाचे थांबे लांब असतात, उड्या आखूड असतात, आणि पुन्हा पुन्हा मागं वळून बघणंही फार. दहा-अकरा वर्षांपर्यंत ही चाल मोठ्यांच्या जवळपास येते. त्यातून आपली लिपी देखणी असली तरी कष्टाची. एकटा ‘र’ घ्या. सूर्यावर तो डोक्यावर चढतो, चक्रात पायाशी तिरपा पडतो, राष्ट्रात ट खाली दोन काड्या टेकवून उभा राहतो, दऱ्याखोऱ्यांत पापणीएवढा होऊन य ला चिकटतो. हे सगळे एकच गृहस्थ आहेत हे पटायला दोन-तीन इयत्ता जातातच.

आणखी एक नवल म्हणजे मेंदूत अक्षरांसाठी जन्मजात अशी काही जागाच नाही. लेखन फार तर पाच हजार वर्षांचं. उत्क्रांतीच्या हिशेबात कालचं. म्हणून मूल वाचायला शिकतं तेव्हा डाव्या बाजूचा एक तुकडा, जो एरवी चेहरे आणि वस्तू ओळखायच्या कामाला लागला असता, तो अक्षरांना देऊन टाकला जातो. स्तानिस्लास देहान या फ्रेंच शास्त्रज्ञानं याचा पिच्छा पुरवून अभ्यास केला आहे. जगातल्या कुठल्याही लिपीचा वाचक घ्या, तुकडा जवळजवळ तोच. एकदा ही बदली पुरी झाली की अक्षरं दिसेनाशी होतात. म्हणजे अर्थ थेट दिसू लागतो आणि मधली काळी रेघोटी विरून जाते. दहाव्या वर्षाच्या आसपासचं मूल या उंबऱ्यावर असतं. हात मोकळे झालेले, डोकं मोकळं झालेलं, आणि आता त्या मोकळ्या डोक्यात घालायला काहीतरी लांबलचक हवं. अमेरिकेतल्या वाचन-संशोधक जीन चॉल यांनी या टप्प्याचं वर्णन ‘वाचायला शिकणं’ संपून ‘शिकायला वाचणं’ सुरू होतं असं केलं होतं. मी त्यात थोडी भर घालीन. याच वयात मूल पहिल्यांदा स्वतःच्या आतल्या आवाजात दुसऱ्याचं आयुष्य जगू लागतं, आणि हे फक्त गोष्टीच्या पुस्तकात होतं. भूगोलाच्या पुस्तकात होत नाही.

या वयाच्या मुलांसाठी मराठीत सर्वांत जास्त वेळा सुचवलं गेलेलं पुस्तक कोणतं, यावर फारसा वाद होणार नाही. ते नाशिकमध्ये लिहिलं गेलं, हे मात्र नाशिकच्याही अनेकांना ठाऊक नसतं. नाशिकरोड म्हटलं की लोकांना नोटांचा छापखाना आठवतो. त्याच नाशिकरोडच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ च्या गुरुवारी साने गुरुजी ‘श्यामची आई’ लिहायला बसले आणि १३ तारखेच्या सोमवारी पहाटे उठले. पाच दिवस. गुरुजी तेव्हा तेहतीस वर्षांचे.

पाच दिवसांत पुस्तक होतं कसं? माझ्या मते त्याची तयारी दोन ठिकाणी झाली होती. एक अमळनेरला. तिथल्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक होते, छात्रालय सांभाळत, मुलांसाठी रोजच्या रोज हातानं लिहिलेलं दैनिक काढत. रोज, त्याच त्या पोरांसाठी, जी सकाळी आवडलं नाही तर संध्याकाळी तोंडावर सांगणार. दुसरी तयारी धुळ्याच्या तुरुंगात, १९३२ साली. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. अठरा रविवारांचे अठरा अध्याय आज आपण ‘गीता प्रवचने’ म्हणून वाचतो ते गुरुजींच्या झरझर चालणाऱ्या लेखणीमुळं. बोलणं कानात पडताक्षणी कागदावर कसं उतरवायचं, याची एवढी तालीम फार थोड्या लेखकांना मिळाली असेल. वर्षाच्या आत तीच लेखणी नाशिकला आली, आणि या वेळी बोलणारा स्वतः श्याम होता.

म्हणून पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आश्रमात दिवसाचं काम आटोपल्यावर मित्र जमतात आणि श्याम सांगू लागतो. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. प्रत्येक रात्रीच्या सुरुवातीला थोडं इकडचं तिकडचं: कोण आलं, कोण यायचं राहिलं. मग गोष्ट, मग झोपायची वेळ. अरबी गोष्टींतली शहरजाद आपल्या सुलतानाला जिथं थांबवते तिथं थांबणं नव्हे हे. इथं जीव टांगणीला लागत नाही. इथं उद्याची ओढ लागते ती माणसाची. दहा वर्षांच्या वाचकाला ही मांडणी जमते कारण त्याला बसल्या बैठकीला तेवढंच पेलतं: एक रात्र, दहा-पंधरा मिनिटं, एक प्रसंग पुरा.

आणि प्रसंगही कसे, तर हाताला लागणारे. पोहायला जायचं नाही म्हणून श्याम लपून बसतो आणि ही प्रेमळ म्हणून प्रसिद्ध असलेली आई काठी घेऊन त्याला शोधून काढते, मारते, विहिरीकडं पिटाळते. पोराला भित्रा म्हटलेलं तिला खपत नाही. दुसऱ्या एका रात्री पत्रावळी लावायला न येणाऱ्या पोराची फजिती आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन आईबापांना घालून पाडून बोलतो ते प्रकरण तर आजच्या मुलालाही घाम फोडतं. कर्ज ही गोष्ट त्यानं घरात कुजबुजीतून ऐकलेली असते, इथं ती समोर उभी राहते.

आपण मोठी माणसं या पुस्तकाचं काय करतो? संस्काराची गोळी म्हणून ते पोराच्या घशात घालतो, वर विचारतो, ‘रडलास की नाही?’ अशानं मूल पुस्तकाला कायमचं मुकतं. ज्याला ते रडायचं पुस्तक म्हणून दिलं जातं तो तिसऱ्या रात्रीच सावध होतो. ‘कोकणातल्या एका वांड पोराच्या गोष्टी, तुरुंगात पाच दिवसांत लिहिलेल्या’ असं सांगून देऊन बघा. लबाडी मुळीच नाही, दोन्ही विधानं खरी आहेत.

तरीही, ज्याला एका जागी बसवत नाही त्या मुलाला श्याम नको, बनेश ऊर्फ फास्टर फेणे द्यावा. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो आणि सायकलवर टांग मारून वीसेक पुस्तकं पळत राहतो. फास्टर फेणे हुशार आहे यापेक्षा तो कुठंही वेळेत पोचतो, हे महत्त्वाचं. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला होता, आणि गोष्टीत स्थळ आणि वेळ यांचा हिशेब कसा चोख ठेवायचा हे त्यांनी तिथं मुरवलं असावं. फेणेच्या पुस्तकांत वाक्यं तोकडी, संवाद खटके उडवणारे, आणि काहीतरी सुचलं की त्याच्या तोंडून ‘ट्टॉक’. उड्या मारायला नुकत्याच शिकलेल्या नजरेला याहून चांगलं मैदान नाही. भागवतांचाच बिपिन बुकलवार नावाचा पुस्तकी किडाही आहे, जो फेणेच्या सावलीत उगाच मागं पडला.

पुढच्या लेखकाकडं वळण्याआधी जरा कात्री आणि डिंक आणा.

कागदाची एक लांब पट्टी कापा. दोन टोकं सरळ जोडली तर साधं कडं होतं, त्याला आतली बाजू आणि बाहेरची बाजू. पण जोडण्याआधी एक टोक अर्धा पीळ देऊन उलटं करा आणि मग चिकटवा. आता पट्टीच्या मधोमध पेन्सिल टेकवा आणि न उचलता रेघ ओढत चला. रेघ जिथून निघाली तिथंच येऊन मिळते. डिंक सोडवून पट्टी पसरा: रेघ दोन्ही बाजूंवर आहे! पेन्सिल तर कधी पलीकडं नेलीच नव्हती. म्हणजे त्या पिळाच्या कड्याला बाजूच एक होती. आणखी एक पट्टी तशीच करून मधल्या रेघेवर कापत जा. दोन कडी सुटी होतील असं वाटतं, पण निघतं एकच, दुप्पट लांबीचं. ही मोबियसची पट्टी, १८५८ सालची. तिची खरी जादू पुढं आहे. पट्टी पारदर्शक आहे असं समजा, तिच्यावर डाव्या हाताचा पंजा काढा आणि तो मनातल्या मनात सरकवत पूर्ण एक फेरी मारून आणा. परत येतो तो उजवा पंजा!

सपाट पंजाचं जे होतं ते जित्याजागत्या माणसाचं झालं तर? जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा या एका ‘तर’वर उभी आहे. तिच्यात गणपती आहे, क्रिकेट आहे, आणि कागदाची ही पट्टी आहे. याहून जास्त सांगणं म्हणजे नतद्रष्टपणा होईल.

नारळीकरांनी विज्ञानकथा लिहायला सुरुवात केली तीही एका गमतीनं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण नाव लावलं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी फिरवलेली, ज.वि.ना. चं ना.वि.ज. शिवाय अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. विश्वाच्या उत्पत्तीवर ज्यांचं नाव जगभर घेतलं जातं ते गृहस्थ नाव लपवून स्पर्धेत उतरतात, आणि पहिला नंबर काढतात. अकरा वर्षांच्या मुलांना ही हकीकत कथेइतकीच आवडते, कारण परीक्षेत नाव झाकून पेपर तपासले तर काय होईल हा त्यांचाही लाडका प्रश्न असतो. पुढं डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळं त्यांना येता आलं नाही. कवी-कादंबरीकारांच्या त्या खुर्चीसाठी खगोलशास्त्रज्ञ निवडला गेला, तोही विज्ञानकथेच्या बळावर, याचं मला आजही अप्रूप वाटतं. ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासूर’, ‘टाइम मशीनची किमया’: यांतलं कुठलंही हाती लागेल ते द्या. शास्त्र कळलं नाही तरी चालतं. मुलं न कळलेला भाग ओलांडून पुढं जाण्यात पटाईत असतात, ती कला आपण विसरतो.

प्रकाश नारायण संतांचा लंपन मात्र ओलांडत वाचता येत नाही. ‘वनवास’ १९९४ साली आलं, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. बेळगावकडच्या मुलखात आजीआजोबांकडं राहायला पाठवलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा. त्याच्या बोलण्यात कानडी झाक, सगळं काही ‘मॅड’, आणि आकडे म्हणाल तर वाट्टेल ते. संत कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवायचे. कवयित्री इंदिरा संतांचे ते चिरंजीव. दगडाच्या थरांकडं बघावं तसं त्यांनी एका मुलाच्या मनाकडं पाहिलं आहे. ही पुस्तकं मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाहीत असं काही जण बजावतात. असेल. पण आपल्याला जे वाटतं ते जगात आणखी कुणाला तरी वाटतं, हा शोध या वयात ज्याला लागला तो वाचनातून पुन्हा सुटत नाही, आणि लंपनएवढा तो कुणी लावून देत नाही. बडबड्या मुलापेक्षा गप्प मुलाला आधी द्या.

नवं काही आहे का, असं विचारणाऱ्यांसाठी साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारांची यादी बरी वाटाड्या आहे. धरणाखाली जाणाऱ्या गावातलं बालपण सांगणारी ल. म. कडूंची ‘खारीच्या वाटा’ २०१७ ची. २०२१ चा पुरस्कार तर नाशिकलाच आला, संजय वाघ यांच्या ‘जोकर बनला किंगमेकर’ या कादंबरीला. २०२४ ला भारत सासण्यांची ‘समशेर आणि भूतबंगला’. नावातच भूतबंगला असल्यावर शिफारशीची गरज उरत नाही.

आता पुस्तक मुलाच्या हातात पडायचं कसं? दुकानात मराठी किशोर कादंबऱ्यांचा कप्पा शोधावा लागतो आणि शाळेतलं कपाट बहुधा कुलपात असतं. नाशिकनं यावर जे उत्तर काढलं ते इतकं साधं आहे की आधी कुणाला सुचलं कसं नाही असं वाटतं. २००९ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. एका पेटीत शंभर पुस्तकं. पेटी एखाद्या सोसायटीत, कचेरीत, वाचकांच्या एका गटाकडं जाते, काही महिने मुक्काम करते, मग दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. वाचकाला पैसे पडत नाहीत. मुलांसाठी वेगळ्या पेट्या निघाल्या. नाशिकहून निघालेल्या पेट्या कारागृहांत गेल्या, दुबईसारख्या परमुलखांतल्या मराठी घरांत गेल्या. कुसुमाग्रजांच्या नावाला हे शोभतं. त्यांच्या स्वतःच्या सुरुवातीच्या कविता छापल्या होत्या त्या ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकानं.

पेटी जवळपास नसेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. नोव्हेंबर १९७१ पासूनचे त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. सत्तरच्या दशकातला एखादा अंक मुलाला उघडून द्या आणि त्यातल्या चित्रांकडं तुम्हीही बघा.

पण पेटीची खरी करामत यादीत न मिळणाऱ्या एका गोष्टीत आहे. यादीला क्रम असतो आणि तो मोठ्यांनी लावलेला असतो. पेटीला क्रम नसतो. समजा एका छोट्या पेटीत पंचवीसच पुस्तकं आहेत आणि प्रत्येक मूल त्यातली कोणतीही पाच, हव्या त्या क्रमानं वाचणार आहे. किती तऱ्हा होतील? पहिल्यासाठी २५ पर्याय, दुसऱ्यासाठी २४, मग २३, २२, २१. गुणाकार करा: ६३,७५,६००. २०११ च्या जनगणनेत साऱ्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांच्या घरात होती. पंधराही तालुक्यांतल्या एकूणएक माणसाला, पाळण्यातल्या बाळापासून पणजीपर्यंत, पंचवीस पुस्तकांच्या एकाच पेटीतून स्वतःचा असा वेगळा पाच पुस्तकांचा प्रवास मिळाला, तरी अडीच लाखांवर वाटा शिल्लक राहतील. फेणेनंतर लंपन वाचलेला मुलगा आणि लंपननंतर फेणे वाचलेली मुलगी यांनी तीच दोन पुस्तकं वाचली असं फक्त ग्रंथपालाच्या वहीत दिसतं.

या हिशेबात एक अडचण धरलेली नाही. पेटीत प्रत्येक पुस्तकाची प्रत एकच असते, आणि भूतबंगल्यासाठी रांग लागते.